आधी वागणं टिपा, नर-मादी मागाहून ठरवा: गप्पीच्या पिल्लांचं निरीक्षण, नवख्यांसाठी

मोठ्या माशांत नर आणि मादी वेगळे वागतात हे टाकीसमोर पाच मिनिटं बसलेल्यालाही कळतं. नर मादीच्या मागे असतो, मादी खाण्याच्या मागे. खरी गंमत त्याच्या आधीच्या काळात आहे. जोडीचा विषय अजून सुरूच झालेला नाही अशा दोन-तीन आठवड्यांच्या पिल्लांतही सोबत धरण्याच्या बाबतीत नर-मादींत फरक असतो का? हा प्रश्न घरच्या टाकीत किंवा कॉलेजच्या प्रयोगशाळेत, फार खर्च न करता तपासता येतो. एक प्लास्टिकचा पारदर्शक डबा, दोन बरण्या, एक मोबाईल आणि अडीच-तीन महिने एवढी तयारी हवी. बारावीचा प्रकल्प, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाचा प्रबंध किंवा नुसती हौस, कशासाठीही हे चालेल. लिहिताना गोव्यातलं पाणी, गोव्यातला पाऊस आणि इथं मिळणाऱ्या वस्तू डोळ्यांसमोर ठेवल्या आहेत.

सगळ्या पायऱ्यांच्या वर एक नियम आहे. वागणं टिपताना समोरचं पिल्लू नर आहे की मादी हे कुणालाही माहीत असता कामा नये. मुली मिळून-मिसळून राहतात आणि मुलगे भटकतात ही समजूत आपण घरूनच घेऊन येतो. लिंग माहीत असलं की तीच समजूत टाकीत दिसायला लागते आणि काठावरच्या नोंदी नकळत तिच्या बाजूला झुकतात. गप्पीच्या बाबतीत हा नियम पाळणं सोपं आहे, कारण पहिले काही आठवडे नर-मादी नुसत्या डोळ्यांना ओळखूच येत नाहीत.

मोठ्यांबद्दल काय माहीत आहे

गप्पीचं शास्त्रीय नाव पोसिलिया रेटिक्युलाटा. मूळ घर दक्षिण अमेरिकेचा ईशान्य कोपरा आणि त्रिनिदाद बेट. त्रिनिदादच्या डोंगरी ओढ्यांत धबधब्यांच्या खालच्या बाजूला मोठे शिकारी मासे असतात. धबधब्याच्या वर ते चढू शकत नाहीत, त्यामुळे एकाच ओढ्यात धोक्याची वस्ती आणि निर्धास्त वस्ती अशा दोन्ही सापडतात. संशोधक बेंजामिन सेगर्स यांनी १९७०च्या दशकात दाखवलं की खालच्या, धोक्यातल्या गप्पी घट्ट थवा करून राहतात आणि वरच्या सैल. पुढे अ‍ॅन मॅगरन आणि सेगर्स यांनी नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांकडे पाहिलं, तर त्यांच्यातही हा फरक होता. म्हणजे थवा धरण्याची ओढ निदान काही अंशी जन्मतःच येते.

नर-मादीचा फरक त्यावर चढतो. मोठ्या माद्या थव्याला धरून राहतात आणि ओळखीच्या माद्यांची सोबत पसंत करतात. ही ओळख एका दिवसात होत नाही. ग्रिफिथ्स आणि मॅगरन यांच्या १९९७च्या कामानुसार साधारण १२ दिवस एकत्र राहिल्यावर ती वागण्यात दिसू लागते. नर या थव्यातून त्या थव्यात फिरतात, कारण नराला जितक्या जास्त माद्या भेटतील तितकी त्याची संतती वाढण्याची शक्यता जास्त. मादीचं तसं नाही. ती आयुष्यभर वाढत राहते, अंगानं मोठी झाली की जास्त पिल्लं देते, म्हणून पोटभर खाणं आणि जिवंत राहणं यात तिचा फायदा. शिवाय ती नराचं बीज काही महिने साठवून ठेवू शकते, त्यामुळे नर शोधत फिरण्याची तिला गरजही नसते.

आता पिल्लांचा प्रश्न नेमका होतो. तरुण नराचं भटकणं जोडीदार शोधण्यातून येत असेल, तर ते जननाचा पर (नराचा पोटाखालचा पर, जो वयात येताना टोकदार होतो) तयार झाल्यावरच सुरू व्हायला हवं. तो पर तयार होण्याआधीच नर पिल्लं सोबतीला सैल असतील, तर कारण आणखी मागं, वाढीच्या सुरुवातीच्या काळात शोधावं लागेल. तुमच्या प्रयोगाचा सगळा जोर या एका वेळेवर आहे. म्हणून चाचणीचं वय मनाला येईल तसं बदलू नका.

पहिली पायरी: मासा कोणता

गोव्यात राहून शेवटे सोडून गप्पी कशाला, असं कुणीतरी विचारणारच. शेवटो हा आपला राज्यमासा, आणि खाजनात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीत) मानशीजवळ, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराजवळ, त्याच्या पिल्लांचे थवे काठावरून दिसतात. बघायला सुंदर. पण त्यातलं कुठलं पिल्लू नर आणि कुठलं मादी हे ते मारून पोट उघडल्याशिवाय कळत नाही. चोणकाची तर गोष्टच निराळी. तो बहुतेक वेळा आधी नर म्हणून वयात येतो आणि काही वर्षांनी मादी होतो. गोब्रो उलटा, आधी मादी, मग त्यातले काही नर. म्हणजे ज्या चोणकाचं हुमण आपण खातो त्याच्या बालपणीच्या ‘नर-मादी फरका’ला काही अर्थच नाही. झेब्राफिश मूळचा भारतीय उपखंडातला आणि दुकानांत सहज मिळतो. पण त्याच्या सगळ्याच पिल्लांत आधी अंडाशयासारखी ग्रंथी तयार होते आणि नंतर काहींत तिचं वृषण होतं. शिवाय डोळ्यांना जेमतेम दिसणारी त्याची पिल्लं जगवणं हे नवख्याचं काम नाही.

गप्पीचं लिंग आपल्यासारखंच एक्स-वाय गुणसूत्रांवर, जन्माआधीच ठरतं. अंडी नाहीत, थेट पोहणारी पिल्लं होतात, तीही सहा-आठ मिलिमीटरची, पहिल्याच दिवशी खाऊ लागणारी. आणि महिना-दीड महिन्यात नर-मादी बाहेरून ओळखता येतात. या प्रश्नाला याहून सोयीचा मासा सापडणं कठीण.

फोंडा, म्हापसा, मडगाव, पणजी इथल्या मत्स्यालयाच्या दुकानांत गप्पी मिळतात. लांब झुळझुळीत शेपटीच्या महागड्या जाती टाळा. ती शेपूट ओढत पोहणं जड जातं आणि पिढ्यान्‌पिढ्या रंगासाठीच निवड झाल्यामुळे त्यांचं वागणंही बदललेलं असू शकतं. साध्या, आखूड शेपटीच्या गप्पी मागा. डासांच्या अळ्या खाण्यासाठी असे मासे वापरले जातात, म्हणून जवळच्या आरोग्य केंद्रात विचारायलाही हरकत नाही. फक्त मिळालेला मासा गप्पीच आहे ना ते पाहा, कारण त्याच कामासाठी गंबुसियाही वापरतात. गप्पीच्या मोठ्या नरावर केशरी, काळे, निळसर ठिपके असतात. सगळेच मासे, नरसुद्धा, राखाडी दिसले तर तो बहुधा गंबुसिया. तो इतरांचे पर कुरतडतो आणि या कामाचा नाही.

चार ते सहा गाभण माद्या घ्या. मोठं पोट आणि शेपटीकडच्या बाजूला गडद डाग ही खूण. दुकानातली मोठी मादी जवळजवळ नक्कीच गाभण असते. नर घेण्याची गरज नाही.

दुसरी पायरी: पाणी

इथं सगळ्यात जास्त पिल्लं दगावतात, म्हणून जरा थांबून वाचा.

जांभ्या दगडातल्या विहिरीचं पाणी सहसा मऊ आणि किंचित आम्ल असतं. माणसाला ते गोड लागतं, गप्पीला मानवत नाही. गप्पीला थोडं जड, पीएच सात ते आठच्या दरम्यानचं पाणी हवं. आम्ल पाण्यात पिल्लं पर मिटून तळाशी बसतात, आणि असं मिटून बसणं चाचणीत ‘एकलकोंडेपणा’ म्हणून नोंदलं जातं. उपाय घरातच आहे. तिसऱ्यांच्या शिंपल्या उकळून, घासून, उन्हात वाळवा आणि मूठभर शिंपल्या टाकीत किंवा फिल्टरमध्ये टाका. त्यांतला चुना हळूहळू विरघळून पाणी ताळ्यावर आणतो. पीएच तपासायच्या पट्ट्या किंवा थेंबाची बाटली मत्स्यालयाच्या दुकानात मिळते. आठवड्यातून एकदा तपासा.

नळाचं पाणी, मग ते ओपाचं असो, अस्नोड्याचं की साळावलीचं, क्लोरीन घातलेलं असतं. उघड्या बादलीत दिवसभर ठेवून, जमल्यास हवेचा पंप लावून वापरा, किंवा क्लोरीन काढणारे थेंब घाला. पावसाळ्यात क्लोरीनचा वास उग्र येत असेल तर थेंब घालाच.

हीटरची गरज नाही. आपल्याकडे घरातलं पाणी बहुतेक वर्षभर २५ ते ३० अंशांत राहतं. गरज आहे ती वीज जाईल तेव्हाच्या तयारीची. बॅटरीवर चालणारा एक छोटा हवेचा पंप घेऊन ठेवा, विशेषतः जूनमध्ये सुरू करणार असाल तर. खरं तर मी जूनमध्ये सुरू करू नका असंच सांगेन. उजेड रोज बदलतो, वीज जाते-येते आणि व्हिडिओ धूसर येतात. चवथ (गणेशचतुर्थी) आटोपली की माद्या आणा, म्हणजे पिल्लं नोव्हेंबरच्या स्वच्छ उजेडात चाचणीला येतील. मधे दिवाळी आली तर नरकासुराच्या रात्रीच्या आसपास चाचणी ठेवू नका. स्पीकरचा दणका पाण्यातही पोचतो.

टाकीत स्पंजचा फिल्टर लावा, दुसरा पिल्लांना ओढून घेतो. माद्या आणण्याआधी दोन-तीन आठवडे टाकी फिल्टरसह चालू ठेवा आणि त्यात चिमूटभर खाणं टाकत जा, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू तयार होतात. तळ्यातली हायड्रिला ही पाणवनस्पती आणून टाकायचा मोह होतो, पण तिच्यासोबत चतुराच्या अळ्या येतात आणि एकेक अळी रोज पिल्लं फस्त करते. दुकानातला जावा मॉस घ्या.

तिसरी पायरी: पिल्लं आणि त्यांचं खाणं

प्रत्येक मादी वेगळ्या टाकीत किंवा मोठ्या बरणीत ठेवा आणि तिला क्रमांक द्या. साधारण चार आठवड्यांच्या अंतरानं ती विते. छोटी मादी दहा-पंधरा पिल्लं देते, मोठी पन्नासच्या वर जाऊ शकते. आई स्वतःची पिल्लं खाते, म्हणून मॉसचा दाट गुंता ठेवा आणि वीत झाल्याबरोबर तिला बाहेर काढा. प्रत्येक आईची पिल्लं वेगळी वाढवा. कुठलं पिल्लू कुणाचं हे हिशेबाच्या वेळी लागणार आहे. वीस लिटर पाण्यात पंधरापेक्षा जास्त पिल्लं ठेवू नका, आणि सगळ्या टाक्यांत पिल्लांची संख्या सारखी ठेवा, कारण गर्दीत वाढलेलं पिल्लू आणि एकटं वाढलेलं पिल्लू सोबतीला सारखा प्रतिसाद देत नाही.

खाणं दिवसातून तीनदा, थोडं-थोडं. बारीक दळलेलं माशांचं खाद्य चालतं. उकडलेल्या अंड्याचा बलक टोचणीच्या टोकावर येईल एवढाच द्या, त्यानं पाणी फार लवकर नासतं. सगळ्यात उत्तम आर्टिमियाची (खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या बारीक जीवाची) ताजी पिल्लं. त्याची अंडी दुकानात मिळतात. एक लिटर पाण्यात २५ ते ३० ग्रॅम जाडं मीठ घाला (आगरवाड्याकडच्या मिठागरांतलं आयोडीन नसलेलं मीठ मिळालं तर फारच छान), हवा आणि उजेड चालू ठेवा, चोवीस ते तीस तासांत पिल्लं बाहेर येतात. पातळ फडक्यातून गाळून, गोड्या पाण्यानं धुऊन घाला.

पिल्लांना जाळीनं पकडू नका. छोटी वाटी पाण्यात बुडवून पाण्यासकट उचला. जाळीतून आलेलं पिल्लू बराच वेळ बावरलेलं असतं.

चौथी पायरी: ‘सोबत’ मोजायची कशी

‘हे पिल्लू मिळून-मिसळून राहतं’ ही नोंद निरुपयोगी आहे. दोन माणसांनी वेगवेगळे बसून पाहिलं तरी तोच आकडा यावा अशी नोंद हवी.

साधारण ४० सेंटिमीटर लांबीचा पारदर्शक, सपाट तळाचा डबा घ्या. पाणी पाच-सहा सेंटिमीटरच ठेवा, म्हणजे पिल्लू वर-खाली न जाता आडवंच फिरतं आणि वरून काढलेल्या व्हिडिओत अंतर बरोबर दिसतं. डब्याखाली पांढरा कागद ठेवा. दोन टोकांना एकसारख्या दोन पारदर्शक बरण्या उभ्या करा. एकीत पाण्यासह चार पिल्लं, दुसरीत नुसतं पाणी. सोबतची चार पिल्लं चाचणीच्या पिल्लाच्याच वयाची, त्याच आकाराची, पण वेगळ्या आईची असावीत.

माशांचा थवा मोजताना देहाच्या लांबीच्या चौपट अंतराच्या आत असलेला मासा सोबतीत आहे असं बहुतेक जण धरतात. तीन आठवड्यांचं पिल्लू साधारण दीड सेंटिमीटरचं असेल तर बरणीपासून सहा सेंटिमीटरवर कागदावर रेघ मारा. दुसऱ्या टोकालाही तशीच रेघ. आता डब्याचे तीन भाग झाले: सोबतीचा, रिकाम्या बरणीचा आणि मधला. एका कडेला मोजपट्टी अशी ठेवा की ती व्हिडिओत दिसेल.

चाचणी विसाव्या ते बाविसाव्या दिवशी. काही माद्यांत पोटाशी गडद डाग याच सुमारास दिसू लागतो, म्हणून आदल्या दिवशी भिंगातून पिल्लं न्याहाळत बसू नका. मोबाईल बरोबर वर, स्टँडवर लावा. वरून घेतलेल्या चित्रात पोटाखालचा पर दिसत नाही, आणि आपल्याला तेच हवं आहे.

पिल्लू मधल्या भागात सोडा, पंधरा मिनिटं चित्रण करा आणि समोरून बाजूला व्हा. सावली पडली तरी पिल्लू दचकतं, तेव्हा डब्याभोवती पांढरी चादर लावलेली बरी. पहिली पाच मिनिटं सोडून द्या, नव्या जागेला सरावण्यात ती जातात. उरलेल्या दहा मिनिटांत दर दहा सेकंदांनी व्हिडिओ थांबवून पिल्लू कुठल्या भागात आहे ते लिहा. साठ नोंदी होतात. त्याशिवाय आणखी दोन गोष्टी टिपा: सोबतीच्या रेघेच्या आत पहिल्यांदा जायला किती वेळ लागला, आणि दोन्ही रेघा मिळून किती वेळा ओलांडल्या.

ही शेवटची नोंद बरेच जण गाळतात, आणि ती गाळली की सगळंच फसतं. भीतीनं एका कोपऱ्यात गोठलेलं पिल्लू योगायोगानं सोबतीच्या भागात असेल तर साठपैकी साठ गुण घेऊन जातं. रेघ एकदाही न ओलांडलेल्या पिल्लाची नोंद वेगळी ठेवा. ते मिलनसारही नाही आणि एकलकोंडंही नाही, ते घाबरलेलं आहे.

प्रत्येक पिल्लासाठी सोबतीची बरणी डावीकडे की उजवीकडे हे नाणं उडवून ठरवा. दर वेळी डब्यातलं पाणी बदला, आधीच्या पिल्लाचा वास मागं राहतो. रोज ठरलेल्या वेळीच चाचणी घ्या, खाणं दिल्यावर दोनेक तासांनी. भुकेलं पिल्लू थवा सोडून खाणं शोधत फिरतं आणि आपल्या नोंदीत ते भटकं ठरतं. बरणीतली चार पिल्लं दिवसभर तीच ठेवू नका, अदलाबदल करा.

जमलं तर दुसऱ्या दिवशी तीच पिल्लं घेऊन दुसरी चाचणी करा. एका बरणीत त्याच्याच टाकीतली चार पिल्लं, दुसरीत अनोळखी चार. मोठ्या माद्यांत दिसणारी ओळखीची ओढ पिल्लांत आहे का ते इथं कळतं. जन्मापासून तीन आठवडे एकत्र गेलेले असल्यामुळे १२ दिवसांची अट आपोआप पुरी होते. बरणीतून वास जात नाही, नुसतं दिसतं, हे मात्र अहवालात लिहा. मासे ओळखीसाठी वासही वापरतात.

पाचवी पायरी: प्रत्येकाची ओळख टिकवणं

पिल्लांना रंग किंवा खूण करता येत नाही. म्हणून चाचणी झाली की प्रत्येक पिल्लाला स्वतःचा कप्पा द्या. सुटी, वेगवेगळ्या भांड्यांत ठेवली तर एकटेपणात वाढतात, ते नको. मोठ्या टाकीत बारीक छिद्रांच्या प्लास्टिकच्या छोट्या टोपल्या तरंगत्या ठेवा, प्रत्येक टोपलीत एक पिल्लू, टोपलीवर वॉटरप्रूफ मार्करनं क्रमांक. पाणी सगळ्यांचं एकच, वास पोचतो, शेजारीही दिसतात. टोपली उलटली की क्रमांक गेला, तेव्हा त्या दोरीनं एकमेकींना बांधा. व्हिडिओच्या फाइलला फक्त क्रमांक द्या, आईचं नावसुद्धा नको.

नोंदी लिंग ठरण्याआधी पूर्ण करा. शक्यतो चित्रण एकानं आणि नोंदी दुसऱ्यानं. निवडक पाच-सहा व्हिडिओ दोघांनीही स्वतंत्रपणे मोजावेत. साठपैकी चार-पाचपेक्षा जास्त ठिकाणी मतभेद निघाले तर रेघा नीट दिसत नाहीत किंवा पिल्लू रेघेवर असताना काय लिहायचं हे ठरलेलं नाही. ते ठरवा आणि सगळे व्हिडिओ पुन्हा मोजा. संगणकावर मोजायचं असेल तर बोरिस नावाचं मोफत सॉफ्टवेअर या कामासाठीच आहे, पण कागद-पेन्सिलीनंही बिघडत नाही.

सहावी पायरी: आता नर-मादी

पाचव्या-सहाव्या आठवड्यात पिल्लू अरुंद, सपाट काचेच्या भांड्यात घेऊन बाजूनं फोटो काढा. पोटाच्या मागच्या, खालच्या पराकडे बघा. मादीत तो उघडलेल्या पंख्यासारखा त्रिकोणी राहतो आणि त्याच्या वर पोटात गडद डाग दिसतो. नरात तिसरा, चौथा आणि पाचवा काटा लांबून पर अरुंद, टोकदार, मागं झुकलेला होतो. शेपटीवर, अंगावर रंगाचे ठिपके त्याच सुमारास किंवा थोडे मागाहून येतात. रंगावरून ठरवू नका, परावरून ठरवा. शंका वाटली तर आणखी एक आठवडा थांबा. टोपल्यांत नसलेल्या पिल्लांत नर दिसल्याबरोबर ते माद्यांपासून वेगळे करा, नाहीतर तुम्ही प्रयोग संपवेपर्यंत पुढची पिढी टाकीत असेल.

मधल्या काळात काही पिल्लं मरतील. त्यांच्यापुढं ‘लिंग अज्ञात’ लिहा आणि किती मेली तो आकडा अहवालात द्या. वागण्यावरून लिंगाचा अंदाज करणं म्हणजे आपल्याच प्रश्नाचं उत्तर आधी लिहून ठेवणं.

सातवी पायरी: हिशेब

निदान तीस पिल्लं, निदान चार आयांची. एकाच आईच्या तीस पिल्लांवरून काही ठरत नाही. ती सगळी एका रक्ताची आणि एका टाकीची, एकमेकांसारखी वागणारच. म्हणून तुलना आधी एकेका आईच्या पिल्लांत करा: क्रमांक एकच्या मुलींची सरासरी आणि तिच्याच मुलग्यांची सरासरी. मग चारही आयांत फरक एकाच दिशेला आहे का ते बघा.

संख्याशास्त्राची भीती वाटत असेल तर चिठ्ठ्या वापरा. समजा एका आईची आठ पिल्लं आहेत, पाच मादी, तीन नर. आठही पिल्लांचे सोबतीचे गुण आठ चिठ्ठ्यांवर लिहा, चिठ्ठ्या मिसळा, डोळे मिटून पाच काढून त्यांना ‘मादी’ म्हणा. असं प्रत्येक आईच्या पिल्लांचं करा आणि या खोट्या नर-मादींतला एकूण फरक लिहा. हे शंभर वेळा करा, किंवा एक्सेलकडून हजार वेळा करून घ्या. तुमच्या खऱ्या फरकाएवढा किंवा त्याहून मोठा फरक शंभरातून वीस वेळा नुसत्या मिसळण्यातूनच येत असेल, तर तुमच्या हाती काही लागलेलं नाही. शंभरातून दोन-तीनदाच येत असेल तर बोलायला जागा आहे. मोठी मोठी नावं असलेल्या चाचण्यांमागं बऱ्याचदा हाच विचार असतो.

फरक दिसला तरी आकार तपासल्याशिवाय निष्कर्ष लिहू नका. व्हिडिओतल्या मोजपट्टीवरून प्रत्येक पिल्लाची लांबी काढा. मोठं पिल्लू धीट असतं, लहान पिल्लू भितं आणि भिणारं सोबत शोधतं. एका लिंगाची पिल्लं सरासरीनं लहान निघाली तर तुम्ही लिंगाचा नव्हे, आकाराचा परिणाम मोजला असेल. सारख्या लांबीचे नर आणि माद्या निवडून तुलना पुन्हा करा. तसंच रेघा ओलांडण्याचा आकडा. नर पिल्लं नुसती जास्त फिरत असतील तर सोबतीच्या भागातला त्यांचा वेळ आपोआप कमी होतो. तो चळवळेपणाचा फरक झाला, सोबतीचा असेलच असं नाही.

आलेख काढताना दोन सरासऱ्यांचे दोन खांब उभे करू नका. प्रत्येक पिल्लाचा एक ठिपका काढा. बहुधा दिसेल असं की दोन्ही ढीग एकमेकांत मिसळलेले आहेत. सरासरीत फरक असला तरी कित्येक नर कित्येक माद्यांपेक्षा सोबतीला जास्त चिकटून असतात. परीक्षकाला तो आलेख आधी दाखवा. आणि फरक नाहीच निघाला तर तसंच लिहा. तीन आठवड्यांच्या वयात फरक नाही आणि दोन महिन्यांच्या वयात आहे, हे उत्तर पहिल्याइतकंच उपयोगी आहे. टोपल्यांतली तीच पिल्लं वयात आल्यावर तोच डबा, त्याच रेघा वापरून पुन्हा चाचणीला घेता येतात. तेव्हा मात्र लिंग लपवता येत नाही, म्हणून नोंदी घेणाऱ्याला प्रश्न काय आहे हेच सांगू नका.

परवानगी आणि नंतरची व्यवस्था

कॉलेजच्या नावानं करत असाल तर माद्या आणण्याआधी प्राध्यापकांमार्फत संस्थेच्या प्राणी-प्रयोग समितीला विचारून घ्या. या प्रयोगात इजा नाही, चिरफाड नाही, तरी कागद आधी हवा.

संपल्यावर मासे कुठं जाणार हे सुरुवातीलाच ठरवा, कारण चार माद्यांची शंभर पिल्लं सहज होतात. दुकानदार साधारणपणे परत घेतो. पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांना देता येतात. देवळाच्या तळीत, ओहोळात, शेतात किंवा विहिरीत मात्र सोडू नका, ‘डास खातील’ या कारणानंही नाही. गप्पी इथली नाही, एका गाभण मादीपासून सगळी तळी भरू शकते आणि इथल्या छोट्या माशांचं खाणं आणि पिल्लं दोन्ही संपवते. डासांच्या अळ्या खाणारे आपले स्वतःचे मासे आहेत. १९९०च्या दशकात गोव्यातल्या मलेरियाविरुद्धच्या कामात अ‍ॅप्लोकायलस ब्लॉकी हा पश्चिम किनाऱ्यावरचा बोटाच्या पेराएवढा मासा वापरून पाहिला गेला होता. टाकीचं पाणीही ओहोळात न ओतता माडाच्या मुळाशी ओता, आणि टोपल्या, बरण्या, फिल्टर कडक उन्हात पुरते वाळवून मगच पुढच्या खेपेसाठी ठेवा.